उंब्रजचं चंद्रविमान

आमच्या घरी गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा धंदा होता. लग्नाची वरात असो, तमाशाचा फड असो, नाहीतर कुणाच्या मळ्यातली जेवणावळ असो, उंब्रज आणि आसपासच्या वाड्यांना उजेड पुरवायचे ते आमचे आबा, म्हणजे माझे वडील. गावात वीज यायची होती. बत्तीला हवा भरायची, रेशमी पिशवीसारखं मेंटल तोटीला बांधायचं, काचा राखेनं पुसायच्या, हे सगळं मी करायचो. एकुलता एक मुलगा होतो, शिवाय फुकटचा.

पुस्तकांतले बाप बाहेरून काटेरी आणि आतून गोड असतात, फणसासारखे. आमचा फणस उलटा होता. गावाला गरे आणि घराला काटे. गिऱ्हाईक दारात आलं की आबांची जीभ गुळासारखी पाघळायची, "बसा, पानी घ्या, बत्तीचं काय एवढं," आणि गिऱ्हाइकाची पाठ वळली की तीच जीभ माझ्यावर चालायची. मेंटल फार नाजूक. एकदा पेटलं की त्याची नुसती राख उरलेली असते, जरा धक्का लागला तरी गळून पडतं. माझ्या हातून एखादं पडलं तर आबा मारायचे नाहीत. ते बत्तीची तापलेली काच काढून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर. दुसरं मेंटल बांधंस्तवर धर." मग ते मेंटल बांधायला मुद्दाम वेळ लावायचे. मध्येच तंबाखू मळायचे. माझ्या बोटांच्या टोकांना अजूनही गरम-गार नीट कळत नाही.

लोकांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्यो आमचा दिवटा." लोक हसायचे. मीही हसायचो. न हसून करतो काय?

लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबांनी मला मेंटलं आणायला सांगलीला धाडलं. तिथं एका नाटक कंपनीचा मुक्काम होता. मी पिटात बसून नाटक पाहिलं. नाटक कशाचं होतं ते मला त्याच दिवशी सांगता आलं नसतं, कारण मी फक्त दिवे पाहत होतो. रंगमंचावर पहाट झाली. हळूहळू, खऱ्या पहाटेसारखी. आमची बत्ती लावली की एकदम लख्ख आणि विझवली की एकदम गुडूप. या दोन्हींच्या मध्ये काही असतं हेच मला माहीत नव्हतं. नाटक संपल्याबरोबर मी विंगेत घुसलो. तिथं चिनी मातीची एक मोठी बरणी होती, तिच्यात मिठाचं पाणी आणि पाण्यात तारांना बांधलेले दोन पत्रे. वरचा पत्रा खाली सोडत गेलं की दिवे उजळत जात, वर ओढला की मंद होत. अख्खी पहाट लोणच्याच्या बरणीत! मी खुळाच झालो.

कंपनीचे मालक मला हुसकून लावायला आले. मी बत्तीवाल्याचा मुलगा, असं म्हटल्यावर मात्र थांबले. पान चघळत त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "दसऱ्याला आम्ही नवं नाटक लावतोय. राजपुत्र विमानात बसून चंद्रावर जातो. शेपटीतून जाळ निघायला हवा, खिडक्यांतून दिवे पळायला हवेत. असा एक नमुना करून आण. पसंत पडला तर कंपनीत राहा, दिव्यांचं काम तुझ्याकडे. पण हात हलवत येऊ नकोस. तोंडानं विमानं उडवणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

परतीच्या गाडीत मी मेंटलांचं पुडकं मांडीवर धरून बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आबांची भीती वाटत नव्हती. उंब्रजमधून सुटायची वाट सापडली होती. वाट एकच होती, आणि ती त्या विमानातून जात होती.

विमान करायचं तर सामान हवं, आणि माझ्याकडे दमडी नव्हती. ते दिलं तालमीनं. आमच्या तालमीचा गणपती बसायचा आणि कराडच्या आराशीपुढं दरवर्षी आमची मान खाली जायची. तालमीचे पुढारी होते लढाईहून परतलेले एक हवालदार. त्यांना मी चंद्रावर जाणाऱ्या विमानाचं सांगितलं तेव्हा ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "कर गड्या! कराडवाल्यांच्या तोंडात माशा गेल्या पायजेत." पलटणीतून आणलेले टॉर्चचे बल्ब आणि तारेचं एक भेंडोळं त्यांनी माझ्या स्वाधीन केलं. बांबू, पत्रा, चांदीचा कागद तालमीनं आणला. हमरस्त्यावरच्या लॉरीच्या मिस्त्रीनं बॅटरी देऊ केली. बोली अशी ठरली, की गणपतीचे दिवस विमान तालमीत उभं राहील आणि मग माझं. हवालदारांनी चारचौघांत शब्द दिला. आबा तिथंच बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

आषाढ-श्रावण मी त्या विमानातच काढले. सागाची एक लांब फळी, हा विमानाचा कणा. तिच्यावर कामट्यांची कमान, कामट्यांवर पत्रा आणि चांदीचा कागद. सगळ्या तारा त्या फळीवर खिळवून नेल्या होत्या, म्हणजे फळी शाबूत तर विमान शाबूत. खिडक्यांना पतंगाचा कागद तेलात भिजवून लावला, त्यानं उजेड मऊ होतो. बल्ब आधी एकेकटे जोडले, तर लॉरीच्या बॅटरीनं ते पटापट जाळून टाकले आणि हवालदारांनी पलटणीतल्या सगळ्या शिव्या मला एका बैठकीत ऐकवल्या. मग एकेका खिडकीत दोन-तीन बल्ब एकामागे एक गुंफून जोडले तेव्हा टिकले. शेपटीत आमचीच एक गॅसबत्ती बसवली. तिच्याभोवती उभ्या फटी पाडलेला पत्र्याचा डबा आणि त्याच्या डोक्यावर पात्यांचं भिरभिरं. बत्तीची ऊन हवा वर चढली की भिरभिरं आपसूक फिरे, त्याच्याबरोबर डबा फिरे, आणि फटींतला उजेड तांबड्या जिलेटीनच्या कागदावर असा थरथरे की खरोखर जाळ वाटावा.

दिवे पळवायची युक्ती मात्र पुष्कळ दिवस सुचत नव्हती. शेवटी आईचं लाटणं घेतलं. आमच्यात रोज भाकरी, त्यामुळं लाटण्याला वर्षाचे बारा महिने सुट्टीच. त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या तिरक्या ठोकल्या आणि वर पितळेच्या जिभा टेकवल्या. दांडा फिरवला की एकेका जिभेला पाळीपाळीनं वीज मिळे आणि दिवा शेपटीकडून नाकाडाकडे खिडक्या-खिडक्यांतून पळत जाई. आई म्हणाली, "आता सणाला पोळ्या काय तुज्या डोक्यावर लाटू?" पण ते पळते दिवे पाहून ती चुलीपुढं परत जायचं विसरली.

आबा एकदाच बघायला आले. डबा संथ फिरत होता. त्यांनी त्याच्यावर बोट टेकवलं आणि तो थांबवला. "फिरतंय व्हय?" म्हणाले. "थांबतंय बी." आणि निघून गेले. एवढं सगळं करून आबांच्या तोंडून बरा शब्द यावा अशी माझी अपेक्षा नव्हती. म्हणजे, मी तसं स्वतःला सांगत होतो.

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तालमीत आरास लावून पाहिली. मागं काळा पडदा, त्याला भोकं पाडून चांदण्या. सांगलीत पाहिली तशीच मिठाच्या पाण्याची बरणी मी जोडली होती, तिच्यातला पत्रा हळूहळू खाली सोडला. अंधारातून विमान उगवल्यासारखं झालं. मग लाटणं फिरवलं. माणसं गप्प झाली. उंब्रजची माणसं गप्प झाली हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. पुढच्या बाया पदर सावरून मागं सरल्या. हवालदारांनी मला उचलून खांद्यावरच घेतलं.

मी खाली उतरतो तोच त्या गर्दीतून आबा पुढं आले. माझ्या पाठीवर हात ठेवला. मारायला नव्हे, नुसता ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढं देखणं केलंय माज्या पोरानं, आन् देव भायेर पाटावर? देवाला आत बसवा की. इमान रिकामं बरं न्हाई दिसत."

माझ्या पोरानं! दिवट्यानं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लोकांनी मोरयाचा गजर केला. पूजेला वाईहून आलेले भटजीही म्हणाले, उत्तम, देवाला वाहन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः नदीकडची चिकणमाती घेऊन आले. ती त्यांनी मांडी घालून मळली, तिच्यात कापूस पिंजून घातला, वर डिंकाचं पाणी ओतलं. मी विचारलं, "आबा, डिंक कशाला?"

"इमान थरथरतंय न्हवं? देव हलाय नगं."

विमानाच्या मधोमध, त्या सागाच्या फळीवर, आबांनी मातीचा थर दिला, हातभर उंचीची मूर्ती त्यात दाबून बसवली आणि कडेनं माती लिंपली. तारांवरूनसुद्धा लिंपली. मी पाण्याचा तांब्या धरून शेजारी बसलो होतो. बोटं पाण्यात बुडवून ते ती माती पुनःपुन्हा गुळगुळीत करत होते, आणि मी त्या हातांकडे पाहत होतो. बापलेकांनी मिळून केलेलं असं ते पहिलंच काम. मला तो सकाळचा वेळ संपूच नये असं वाटत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तवा घासत होती, तो घासायचा थांबवून म्हणाली, "तुजा बाप गोड बोलला की मला भ्या वाटतं बग." मी तिच्यावर खेकसलो. घरात कुणाचं चांगलं चाललेलं तुला बघवत नाही, असंही बोललो.

गणपतीचे दिवस कसे गेले कळलं नाही. कराडहून, मसूरहून बैलगाड्या भरून माणसं आली. आमच्या 'इमाना'ची वार्ता साताऱ्यापर्यंत गेली. मी लाटणं फिरवत होतो आणि मनात सांगलीची गाडी पकडत होतो. अनंत चतुर्दशी झाली की विमान गवतात बांधायचं, लॉरीत घालायचं आणि निघायचं. मिस्त्रीनं लॉरीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. माती रोज थोडी थोडी वाळत होती. मी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो.

अनंत चतुर्दशीला दिवस कलायच्या सुमारास उत्तरपूजा झाली. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची असते, म्हणजे देव निघाला असं धरतात. भटजींनी मला खूण केली. मी दोन्ही हात लावून मूर्ती हलकेच सरकवू पाहिली. मूर्ती हलली नाही. जरा जोर लावला. अख्खं विमान जागेवरून कुरकुरत सरकलं.

"हाललं," आबा म्हणाले. "इमानासकट हाललं. देवाच्या मनात तसंच हाय."

मी मातीला नख लावलं. नख तुटलं. ती माती राहिली नव्हती, दगड झाला होता. जोर करावा तर मूर्ती भंगणार, आणि भंगलेली मूर्ती म्हणजे गावावर काय संकट येईल ते सांगायला अख्खं गाव तिथं जमलेलं. मी करवत मागितली. मूर्तीखालची तेवढी फळी कापू, म्हणालो. कणा तुटेल, तारा तुटतील, पण बाकीचं वाचेल, जोडता येईल.

"देवाच्या पायाखाली करवत घालतोस?" आबा ओरडले नाहीत. ते अगदी दुःखानं बोलले. भोवतालची माणसं ओरडली.

मी हवालदारांकडे धावलो. "आवं, तुमी शब्द दिलावता. सगळ्यांदेखत दिलावता."

हवालदार म्हणाले, "व्हय रं, दिलावता खरा." आणि आबांकडे पाहिलं. मिरवणुकीच्या सगळ्या बत्त्या आबांच्या होत्या, दरवर्षी देवाच्या नावानं फुकट. माणसं त्या डोक्यावर घेऊन दारात उभीच होती.

आबा म्हणाले, "हवालदार, तुमचा निकाल हुईस्तवर बत्त्या दुकानात न्यू का?"

ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेल्या त्या माणसानं मान खाली घातली आणि पोरांना म्हणाला, "उचला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डिंक, कापूस, तारांवरून लिंपलेली माती, पाठीवरचा तो हात. केसानं गळा कापणं म्हणतात ते ऐकलं होतं. माझा तर पाण्यानं बोटं भिजवून भिजवून कापला होता, आणि तांब्या मीच धरला होता. मी आबांकडे पाहिलं. ते फुलांच्या माळा सारख्या करत होते.

विमान बैलगाडीवर चढवलं. शेजारी बॅटरी ठेवली. "लाव की दिवं," आबा म्हणाले. "आज न्हाई तर कवा लावणार?" लोकही ओरडायला लागले. गाडीवर चढून मी लाटणं फिरवू लागलो. तालमीपासून कृष्णा-तारळीच्या संगमापर्यंत फिरवत गेलो. दोन्ही बाजूंनी गुलाल उडत होता, हलगी कडाडत होती, लोक मला पाहून हात जोडत होते. एक म्हातारी म्हणाली, "पोराचं भाग्य बगा, हातानं केल्यालं देवाच्या कामी आलं." मी लाटणं फिरवत राहिलो.

संगमावर पाणी भाद्रपदातलं, दोन्ही नद्या तुडुंब. मिस्त्रीनं आपली बॅटरी सोडवून घेतली. मी बल्ब काढायला हात घातला तर आबांनी माझं मनगट धरलं. "देवाच्या अंगावरचं काढतोस?" मग ते वाकले आणि शेपटीतली आपली गॅसबत्ती सावकाश, मेंटलाला धक्का न लागू देता, काढून घेतली. ती देवाच्या अंगावरची नव्हती.

विमान पाण्यात सोडलं. बांबूच ते, बुडेना. हेलकावे खात, देवाला घेऊन, तोंड वर करून तरंगत राहिलं. क्षणभर मला वाटलं, वाहत जाईल. कृष्णा खाली सांगलीलाच तर जाते. पण तालमीची पोरं हसत पाण्यात उतरली. चौघे विमानावर चढले आणि नाचून नाचून त्यांनी ते दाबलं. "बुडंना लेकाचं!" म्हणत होते. कामट्या मोडल्याचा आवाज हलगीतूनसुद्धा मला ऐकू आला. मग नाकाड वर आलं आणि गेलं. काठावर आरती सुरू झाली. आबांचा आवाज चांगला होता, तो सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.

तरीही मी सांगलीला गेलो. एवढा खुळा होतो. मालकांनी पान तोंडात धरूनच विचारलं, "आणलंस?" मी म्हणालो, "केलं होतं. पाण्यात गेलं." सगळं सांगायला लागलो, डबा कसा फिरायचा, दिवे कसे पळायचे. बोलता बोलता हातानं लाटणं फिरवून दाखवत होतो. भोवती बसलेले नट हसायला लागले. एकानं माझी नक्कल केली, ती फार हुबेहूब होती. मालक म्हणाले, "मी काय सांगितलं होतं? तोंडानं उडवणारे पुष्कळ आहेत." आणि कुणाला तरी चहा आणायला सांगितलं. तो माझ्यासाठी नव्हता.

उंब्रजला उतरलो तेव्हा दुकानात आबा एकटेच होते. पुढं बत्त्या ओळीनं मांडलेल्या. त्यांनी मला पाहिलं, कुठं गेला होतास असं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्यांना तोंडावर विचारलं, "आबा, का केलंसा?"

त्यांनी मेंटल बांधून पूर्ण केलं. दोरा दातानं तोडला.

"वंगाळ झालं असतं तर जाऊ दिलं असतं तुला," ते म्हणाले. "त्या मानसांनीच हाकलून दिला असता, आपल्या पायानं माघारी आला असतास. पर लय ब्येस झालतं. असली आरास म्या जन्मात बगितली न्हाई. ती बगून तुला कोन माघारी सोडतंय?"

मग त्यांनी बत्ती माझ्याकडे सरकवली. "हवा भर."

मी हवा भरली. त्यानंतर त्या दुकानात मी अख्खा जन्म हवा भरली. माझ्या विमानाला आजवर मिळालेली शाबासकी ती तेवढीच. आबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती आठवली की मला त्यांचा गळा धरावासा वाटतो.